नखाखालचा हिरवा

पंचविसाव्या रोज्याला दुपारी दोन वाजता, शमीम, तू स्वयंपाकघरात पडलीस. सलीम दुकानात होता. मी पुढच्या खोलीत वाचत होते. डॉक्टर आले आणि म्हणाले, हृदय थांबलं. मगरिबच्या नमाजानंतर तुला कब्रस्तानात नेलं.

घडलं ते इतकंच. पण ते संपलेलं नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की पुन्हा दोन वाजतात.

माझ्या धाकट्या भावाची, सलीमची, बायको होऊन तू लोणावळ्याला आमच्या घरी आलीस, तेव्हा मला शाळेच्या ग्रंथालयात लागून सहा वर्षं झाली होती. मी लग्न करणार नव्हते. घरात आणखी एक बाई येणार म्हणून मी थोडी धास्तावले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तू आंदर मावळातली. एसटी जिथे वळून परत फिरते तिथून तासभर चालल्यावर तुझं माहेर. मी तुला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वाचायला आवडतं का?" तू म्हणालीस, "आवडतं की आपा. पर वाचाय काय नव्हतं तितं." मग मी तुला पुस्तकं आणून देऊ लागले आणि तू ती छातीवर उपडी ठेवून झोपू लागलीस. मी त्यावरून बोलले की म्हणायचीस, "तुमच्या पुस्तकांचा गुण हाय आपा. डोळा कसा चटकन लागतो."

तुझे हात गरम असत. बाराही महिने. जानेवारीत मी शाळेतून यायची तेव्हा माझी बोटं इतकी आखडलेली असत की कुलूप निघायचं नाही. तू दार उघडून आधी माझे हात ओढून घ्यायचीस. "आणा हिकडं. मेल्यावानी गार पडल्यात." दोन्ही तळव्यांत धरून ठेवायचीस, कणीक मळता मळता आली असलीस तर कणकेसकट. आमची आई म्हणायची, लाडवाला असेच हात लागतात. तुझ्या हातात रव्याचा लाडू दुधाच्या शिपक्याशिवाय वळला जाई.

पण तुला छंद लागला तो नेमका गार हातांच्या कामाचा.

घरात केकपॉप आला एका फुटलेल्या केकमुळे. तुझ्या नवीदचा दहावा वाढदिवस होता. केक भांड्याला धरला आणि काढताना त्याचे तीन तुकडे झाले. पोरं दोन तासांत येणार होती. तू रडली नाहीस. मोबाइलवर कुठलीशी बाई पाहत उभी राहिलीस आणि मग तो सगळा केक परातीत कुस्करून टाकलास. चुऱ्यात लोण्याची क्रीम मिसळलीस, लिंबाएवढे गोळे वळलेस, त्यांत काड्या खोचल्यास. वरून बुडवायला पांढरं चॉकलेट वितळवलंस, आणि ते लाल व्हावं म्हणून जिलेबीचा रंग पाण्यात कालवून त्यात ओतलास. चॉकलेटचा क्षणात चिखल झाला.

"आपा, हे बगा. दुदावानी फाटलं का काय?"

मी दुसऱ्या दिवशी शोधून वाचलं आणि तुला समोर बसवून समजावलं. चॉकलेट म्हणजे चरबी. पाण्याचा थेंब पडला की ते आखडतं. रंग तेलातला हवा. तू मान डोलवत होतीस, आणि मला बरं वाटत होतं, कारण इतकी वर्षं तुझ्यामागे पुस्तकं घेऊन फिरले तेव्हा तू असं ऐकलं नव्हतंस. रंग मीच पुण्याहून मागवले. चार लहान बाटल्या. पुस्तकांना लावायच्या चिठ्ठ्या माझ्याकडे असत, त्या प्रत्येक झाकणावर चिकटवल्या आणि ग्रंथालयाच्या अक्षरात लिहिलं: पाणी लागू देऊ नये. पुढे दर नव्या बाटलीवरही तेच.

तेव्हापासून बारा वर्षं प्रत्येक सणाला आपल्या ओट्यावर थर्माकोलचा एक ठोकळा आला. काड्या उभ्या करायला त्यात तू विणायच्या सुईने भोकं पाडली होतीस, सरळ रांगांत. दिवाळीला शेजारच्या निर्मलाताईंसाठी बिनअंड्याचे. त्यांचं भांडं वेगळं. चुकून हात जाऊ नये म्हणून त्याच्या कडीला लाल दोरा. नाताळला माझ्या शाळेतल्या पोरांसाठी पांढऱ्या टोपीचे. ईदला हिरवे, त्यावर दातकोरण्याने काढलेली पांढरी चंद्रकोर. विकायला कधी केले नाहीस. बंगलेवाल्या एका बाईंनी विचारलं होतं, तेव्हा म्हणालीस, "ऑर्डर आली की हात घाबरतो."

हात गरम म्हणून तुला बर्फ लागायचा. स्टीलच्या भांड्यात बर्फाचं पाणी घ्यायचीस, दोन्ही हात बुडवून ठेवायचीस, पुसायचीस, दोन गोळे वळायचीस, परत हात बर्फात. तरीही तुझे गोळे पुरते गुळगुळीत झाले नाहीत. चॉकलेटखालीसुद्धा बोटांच्या दाबाची एखादी खळी दिसायची.

मी त्यांना काडीवरचे लाडू म्हणायची. सुरुवातीला ते टोचूनच म्हणत होते. ईदला शीरखुर्मा असतो, हे काय खेळणं. तू एकदा हात पुसत वळून म्हणालीस, "आपा, लाडू बसतोय. ह्यो उबा ऱ्हातोय. फरक न्हाई व्हय?" सलीम इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे काडीवरचे लाडू हेच घरातलं नाव पडलं, गल्लीतली पोरंही तेच म्हणू लागली, आणि त्यातली टोच कधी गेली ते कळलं नाही.

दुसरा वाद मात्र तसाच राहिला. मी तुला वही आणून दिली होती. प्रमाण लिही, म्हटलं. किती चुऱ्याला किती क्रीम, किती वेळ फ्रीजमध्ये. तू वहीच्या पहिल्या पानावर "बिस्मिल्लाह" लिहिलंस आणि पुढे काही नाही. मी दर सणाला विचारायची. तू म्हणायचीस, "लिवलं की हात इसरतो." मी म्हणायची, लिहिलं नाही तर माणसं विसरतात. एकदा मी रागाने म्हणाले, उद्या तू नसलीस तर? तू म्हणालीस, "तर तुमी करा की. तुमचे हात हायतच गार."

हे वाक्य मी अलीकडे फार ऐकते.

रमजानात तुझी अडचण चाखण्याची. रोजा असताना जिभेला काही लावायचं नाही, आणि ईदचे लाडू तर रोज्यांतच करायचे. मला साखरेचा आजार, गोळ्या चालू, म्हणून माझे रोजे सुटलेले. त्यामुळे त्या दिवसांत मी तुझी जीभ. चुऱ्याची चिमूट बशीत घालून तू दारात यायचीस. "आपा, सांगा." मी सांगायची, आणि तू माझ्या तोंडाकडे अशी पाहायचीस की चव मला नाही, तुलाच लागते आहे.

त्या दिवशी दीडच्या सुमारास तू आलीस. आधीच्या दिवशी वळून गार केलेले गोळे बुडवणं चाललं होतं, आणि उरलेल्यांसाठी नवा चुरा कालवला होतास. बोटं हिरवी होती.

"आपा, येलदोडा जास्त झाला का बगा."

मी पुस्तकातून डोळे काढले नाहीत. "ठेव तिथे. एवढं पान संपू दे."

"पान काय पळून जातंय?" तू बशी टेबलावर ठेवलीस आणि आत गेलीस.

ते पान संपलं. मग मी पुढचं वाचलं. मग आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी गेले तेव्हा फरशीभर बर्फ होता आणि तू त्यात कुशीवर होतीस, झोप लागल्यासारखी. ती बशी नंतर कोणीतरी धुऊन ठेवली. वेलदोडा जास्त झाला होता का, हे मला सांगता येणार नाही.

आता मी जे सांगायला बसले आहे ते सांगते.

तुला गुस्ल द्यायला कुरवंड्याहून मेहरूनखाला आल्या. आमच्या आईलाही शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती. बोरीची पानं टाकून कोमट केलेलं पाणी, वर धरलेली चादर, खाली तू. आम्ही चौघी होतो. खालांनी प्रत्येकीला काम नेमून दिलं. मला म्हणाल्या, "तू हात बग. नखं नीट साफ कर. पानी पोचलं पायजे सगळीकडं."

तुझ्या दहाही नखांत हिरवा रंग होता. काडीला कापूस गुंडाळून मी एकेक नख साफ करत गेले. चॉकलेट सुकून घट्ट बसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तुझे हात माझ्या हातांपेक्षा गार होते. तेव्हा माझ्या मनात आलं, आता हिला बर्फ लागणार नाही. असं काही मनात येऊ शकतं याची मला आजही भीती वाटते. पण तुझ्यापासून लपवणं आता पुरे.

नऊ नखं झाली. डाव्या करंगळीच्या नखाखाली, अगदी आत, हिरवी रेघ होती. मी ती पाहिली. काडी माझ्या हातात होती. पाठीमागून खालांनी विचारलं, "झाली का गं नखं?"

मी म्हणाले, "झाली."

मी थकले नव्हते. मला ती दिसली नव्हती असंही नाही. चादर, कापूर, पांढरं कापड, त्यात तुझं काहीच उरत नव्हतं. ती रेघ तुझी होती. ती तुझ्याबरोबर जावी असं मला वाटलं. वाटायला एका श्वासाएवढा वेळ लागला असेल. मग खालांनी पाणी सोडलं, तीन वेळा, आणि तुझे हात चादरीखाली गेले.

तोंड पाहायला सगळे आले. जो तो वाकून म्हणत होता, बोललं-चाललं माफ कर. निर्मलाताईंना रीत ठाऊक नव्हती, त्यांनी शेजारणीला विचारून तेच शब्द म्हटले. नवीद पुण्याहून धावत आला होता. त्यानेही म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा माझं लक्ष चादरीखालच्या तुझ्या डाव्या हाताकडे होतं. मी काही न म्हणता बाजूला झाले.

पाच दिवसांनी ईद आली. तू बुडवून ठेवलेले लाडू निर्मलाताईंनी तू गेलीस त्या दिवशीच ठोकळ्यासकट फ्रीजमध्ये सरकवले होते. दोन रांगा पुऱ्या, तिसरी अर्धी. त्यांना हात लावायचं धैर्य कोणात नव्हतं. नमाजानंतर गल्लीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यांना घरून ताकीद होती, कोणी काही मागितलं नाही. फक्त उभी राहिली, नवे कपडे घालून. सलीमने फ्रीज उघडला.

मी म्हणाले, "राहू दे ना रे."

तो म्हणाला, "आपा, ती असती तर दिलेच असते ना? मग?"

त्याने ठोकळा दारात नेला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काडी दिली. त्यांवर चंद्रकोर काढायची राहिली होती. थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिलं तर पोरं एकमेकांना जिभा दाखवत होती. सगळ्यांच्या जिभा हिरव्या. त्या दिवशी जो भेटायला आला त्याच्यामागून एखादी हिरवी जीभ घरात डोकावून गेली. मी खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर मला ती रेघ जिथे-तिथे दिसू लागली. कोथिंबीर निवडताना. पुस्तकाच्या कापडी बांधणीवर. नमाजाआधी वजू करताना डाव्या करंगळीवर पाणी घेतलं की हात थांबायचा. मग मला बाटलीच्या झाकणावरचं माझं अक्षर आठवलं. तो रंग तेलातला. पाणी त्याच्यावरून ओघळून जातं, हे मीच तुला समजावलं होतं. तो आणलाही मीच. म्हणजे त्या नखापाशी पाणी थांबून तुझं गुस्ल अपुरं राहिलं असेल तर ते माझ्यामुळे राहिलं, दोन्ही बाजूंनी.

मी रिक्षा करून कुरवंड्याला गेले. मेहरूनखाला ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ये. च्या घेती? बिनसाखरंचा करती."

"खाला, एक विचारायचं होतं."

"मग इचार की. शिकलेली बाई आन् माज्या दारात इचाराय आली, म्हंजी कायतरी लय मोठं दिसतंय."

मी सांगितलं. पाहिलं होतं, हेही सांगितलं. त्यांची बोटं तांदळात थांबली.

"मी तुला इचारलं व्हतं."

"हो."

"तू झाली म्हणालीस."

"हो."

"म्या तुज्या शबदावर पानी सोडलं."

ओसरीवरून नागफणीचा कडा दिसतो, तिकडे पाहत राहिले. मग खाला म्हणाल्या, "हे बग. नखातलं एवढं-तेवढं अल्ला धरत न्हाई. आन् कामाचा रंग हाय त्यो. पोरांसाठी करत व्हती, रोज्यात. तिचं समदं नीट झालं. ऱ्हायलं ते तुजं."

"माझं?"

"खोटं तू बोललीस. त्येची माफी माज्याकडं मागू नगं, मी कोण? जिच्या नखाचं खोटं बोललीस तिच्याकडं माग." त्यांनी सूप पाखडलं. "आन् साखर तपास तुजी. तोंड बग कसं उतरलंय."

मी परत आले. माफी कशी मागायची ते मला कळेना. दुवा करताना शब्द अरबी असतात, आणि तुझ्याशी मी कधी अरबीत बोलले नाही.

काल मी काडीवरचे लाडू केले.

वहीत बिस्मिल्लाहखेरीज काही नव्हतं. आठवून केले. केक भाजला, कुस्करला, क्रीम घातली, वळले. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग खोचायची, नाहीतर गोळा घसरतो, हे माझ्या आपोआप लक्षात राहिलं होतं. बारा वर्षं दारातून पाहत होते म्हणून. बर्फाचं भांडं लागलं नाही. माझे गोळे तुझ्यापेक्षा गुळगुळीत झाले. एकावरही खळी नाही. ठोकळ्यात रांगेने उभे राहिल्यावर ते दुकानातल्यासारखे दिसले आणि मला ते आवडले नाहीत.

मग मी हिरवं चॉकलेट डाव्या करंगळीच्या नखाखाली भरलं. सुकू दिलं. बोरीची पानं घालून पाणी कोमट केलं आणि तीन वेळा ओतलं. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी कडा सुटल्या. तिसऱ्या वेळी थर निघून गेला आणि नखाखाली नुसता डाग राहिला. डागाने पाणी अडत नाही.

क्षणभर मी सुटल्यासारखी झाले. मग लक्षात आलं की माझं बोट जिवंत आहे. पाण्याच्या आधी त्यानेच चॉकलेट मऊ केलं असेल. नीट पाहायचं तर हात आधी बर्फात ठेवायला हवा होता, तुझ्या हाताइतका गार होईपर्यंत. फ्रीजमध्ये बर्फ होता. मी दार उघडून त्याच्याकडे पाहिलं. सलीमने विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हणाले, काही नाही, आणि दार लावलं.

म्हणून मला माहीत नाही, शमीम. मला माहीत होणारही नाही.

तर मराठीत सांगते. तुझं एक नख झालं नव्हतं. मी झालं म्हणाले. तुला पुरतं स्वच्छ करून पाठवणं तेवढं एकच काम माझ्याकडे दिलं होतं, आणि मी त्यातलं थोडं माझ्यासाठी राखून ठेवलं. तुझी बशी टेबलावर ठेवून घेतली आणि पान वाचत राहिले. माझे हात तू तेवीस हिवाळे धरलेस आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, त्यात काय बोलायचं. लाडू बसतो आणि हा उभा राहतो, हा फरक मला पटला होता. तेव्हाच पटला होता. बोललं-चाललं माफ कर. न बोललेलंही कर.

सलीमने संध्याकाळी एक काडी उचलली. खाऊन म्हणाला, "वेलदोडा कमी आहे." मी वहीत बिस्मिल्लाहच्या खाली तेवढंच लिहिलं.

करंगळीवरचा डाग दोन-चार दिवसांत जाईल. ओट्यावर ठोकळा आहे, त्यात माझे अकरा लाडू उभे आहेत आणि बाकीची भोकं रिकामी आहेत. बाटलीत हिरवा रंग अर्धा उरला आहे. झाकणावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, पाणी लागू देऊ नये.